गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

साकोली तालुक्यातल्या एकोडीत आमचं जुनं घर आहे. मातीच्या भिंती, पुढे छपरी, बाजूला तणसाचा ढीग. मोती छपरीत निजायचा. कुत्रं घरात घ्यायचं नाही, हा अम्मीचा दंडक; पण तिच्या ताटातला शेवटचा घास त्याचाच असे.

एका पावसाळ्यात त्याच्या कानांत एरंडीच्या बियांसारखे गोचीड लटकले. (लॅटिन भाषेत एरंडाला ‘रिसिनस’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच गोचीड! शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला हे नंतर कळलं.) आम्ही ते उपटले, वरून जळकं ऑइल फासलं. चार दिवसांत पुन्हा तितकेच. मग मोतीने अन्न सोडलं, लघवी काळ्या चहासारखी झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या. मी म्हणालो, वय झालं. सहा वर्षांचं कुत्रं म्हातारं नसतं, हे तो गेल्यावर पशुवैद्यकांनी सांगितलं. लक्षणं ऐकून ते म्हणाले, हा गोचीडताप. गोचिडाच्या लाळेतून ‘बबेसिया’ नावाचा सूक्ष्म जीव रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी फोडतो. रक्त वेळेत तपासलं तर त्यावर औषध आहे.

माझी चूक कुठे झाली? मी कुत्रा साफ करत होतो, घर नाही. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाची मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते, भिंतीवर चढते, फटीत शिरून हजारांवर अंडी घालते आणि मरते. पिल्लं कुत्र्यावर चढतात, पोट भरून उतरतात, फटीत कात टाकतात, पुन्हा चढतात. अशा तीन वाऱ्या! मोठा गोचीड तर उपाशीपोटी कित्येक महिने वाट पाहतो. कुत्रा म्हणजे त्याची नुसती खानावळ. बिऱ्हाड आपल्या भिंतीत.

पिसवांचंही तेच. अंडी अंथरुणात गळतात, कोश फटीत दडून राहतात. पिसू चावताना कुत्र्याच्या पोटात गेली की पट्टकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात.

तेव्हा फटी बुजवा, पोतं उकळत्या पाण्यातून काढा, तणस निजायच्या जागेपासून दूर ठेवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. नखाने चिरडू नका. धानावर फवारायचं औषध कुत्र्याला चोळणारे आमच्याकडे आहेत. कुत्रं ते चाटतं आणि तडफडून मरतं. मानेवर टाकायचे थेंब, चघळायच्या गोळ्या आता मिळतात. पण वजन सांगून, पशुवैद्यकांना विचारूनच द्या. कुत्र्याला फिट येत असेल तर तेही सांगा. घरात मांजर असेल तर जास्त जपा. परमेथ्रीन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराचा जीव घेतं.

२०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा लोकांनी कुत्री हाकलली. तो आजार झुडपांतल्या बारीक माइटच्या पिल्लांमुळे होतो. कुत्र्यांचा त्यात दोष नव्हता.

आता छपरीत शेरा आहे. भिंतीच्या फटी मी स्वतः सिमेंटने बुजवल्या. संध्याकाळी कंदील लावायच्या वेळी त्याचे कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ चाचपतो. तो कुरकुरतो. मी थांबत नाही.