एका अक्षराची दुरुस्ती

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' म्हणून पाहा. फरक एका 'र'चा, पण गुरुजींचे स्वयंपाकी होतात! मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना खुला असतो. त्यामुळे मराठी भाषांतरातली अशी चूक आमच्या धाडला बसूनही सुधारून पाठवता येते. ती लगेच स्वीकारत नाहीत, याचा मला राग येई. पुढे उमगले, की पाठवणारा निघून जातो. सांभाळणाऱ्याला ती ओळ वर्षानुवर्षे निभवावी लागते. म्हणून एका वेळी एकच बदल पाठवावा, कारण लिहावे. लिनक्सच्या गाभ्यात २००४ पासून अगदी छोट्या बदलाखालीही नाव लिहून 'हे देण्याचा मला हक्क आहे' अशी हमी द्यावी लागते. सांभाळणाऱ्यानेही नकार कारणासह कळवावा. पहिलीच दुरुस्ती अनुत्तरित राहिली, तर तो हात पुन्हा पुढे येत नाही.