ऑपरेशन झालेल्या माणसाशी आधी बोलावं का?

परभणी, जिंतूर, गंगाखेड किंवा पालमच्या एखाद्या घरात हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं की धावपळ सुरू होते ती कागदांची. रेशन कार्ड, आधार, इकोचा रिपोर्ट, योजनेत बसतंय का, रक्त द्यायला कोण कोण येणार, सोबत कोण राहणार. या धावपळीत एक गोष्ट मात्र राहून जाते, आणि बरेचदा ती मुद्दाम टाळली जाते. असंच ऑपरेशन होऊन ज्याला दोन-चार वर्षं झाली आहेत आणि जो आता कामाधंद्याला लागला आहे, अशा माणसाशी रुग्णाची गाठ कुणी घालून देत नाही. टाळणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. 'ऐकून आणखी घाबरेल', 'डॉक्टरांनी सगळं सांगितलंय', 'प्रत्येकाचं वेगळं असतं' आणि 'आपल्याकडं असं माणूस कुठं सापडायचं' अशी चार कारणं घरोघरी दिली जातात. माझं म्हणणं असं, की ही भेट ऑपरेशनच्या तयारीचाच एक भाग आहे आणि या चार कारणांपैकी खरं वजन फक्त तिसऱ्याला आहे.

पहिलं कारण भीतीचं. ते तपासून पाहिलेलं आहे. जेम्स कुलिक आणि हाइक माहलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली बायपासची वाट पाहणाऱ्या रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दवाखान्यात काही रुग्णांच्या शेजारच्या खाटेवर ऑपरेशन झालेला माणूस होता, तर काहींच्या शेजारी त्यांच्यासारखाच ऑपरेशन व्हायचं असलेला. घरच्यांच्या अंदाजाप्रमाणे टाके पडलेला, नळ्या लावलेला शेजारी पाहून रुग्ण खचायला हवा होता. झालं उलटं. ऑपरेशन झालेला शेजारी ज्यांना मिळाला, ते आधी कमी धास्तावलेले होते, नंतर जास्त चालले-फिरले आणि लवकर घरी गेले. याच संशोधकांनी 1996 मध्ये 84 रुग्णांवर मोठा अभ्यास केला, त्यातही तेच दिसलं. शिवाय ज्यांना शेजारीच नव्हता, त्यांची प्रकृती साधारणपणे सगळ्यांत सावकाश सुधारली. आपल्याकडं स्वतंत्र खोली मिळाली की नशीब समजतात, म्हणून हा शेवटचा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो.

यावर रास्त आक्षेप निघतो. हे रुग्ण अमेरिकेतले, सगळे पुरुष, आणि ऑपरेशन बायपासचं, व्हॉल्व्हचं नव्हे. आक्षेप मान्य करूनच पुढं जायला हवं. या अभ्यासांतून भीती आणि पूर्ववत होण्याचा वेग यांविषयी कळतं, जीव वाचण्याविषयी नाही. पण भीती ज्या गोष्टींची असते, त्या दोन्ही ऑपरेशनांत बऱ्याच सारख्या आहेत. छातीचं मधलं हाड कापायचं, रक्ताभिसरण काही काळ यंत्रावर सोपवायचं, शुद्ध येते तेव्हा घशात नळी असते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. शिवाय न बोलल्यामुळं भीती कमी होते, असं तर कुणीच दाखवलेलं नाही. घरच्यांनी कितीही लपवलं तरी रुग्णाच्या कानावर काही ना काही येतंच, आणि आपल्याकडं ते बहुधा कुणाच्या तरी चुलत्याच्या मृत्यूची गोष्ट म्हणून येतं. जे बरे होऊन घरी आले, त्यांची गोष्ट सांगायला पारावर कुणी बसत नाही. ज्याला आत्ता काहीच ऐकायचं नाही, त्याला मात्र बळं ऐकवू नये. तो त्याचा हक्क आहे.

दुसरं कारण डॉक्टरांनी सगळं सांगितल्याचं. सर्जन धोका सांगतात, व्हॉल्व्हचा प्रकार सांगतात, संमतिपत्रावर सही घेतात. ते त्यांचं काम आणि ते त्यांनीच करायचं. पण आयसीयूत जाग येताना हात बांधलेले असू शकतात, ते नळ्या ओढल्या जाऊ नयेत म्हणून, हे आधी ठाऊक असलेला माणूस जागा झाल्यावर वेगळा वागतो. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढायचा व्यायाम पहिल्या दिवशी अशक्य वाटतो, तरी सोडायचा नाही. हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि तोवर कुशीवर वळून झोपणंही जड जातं. पाण्याची घागर, कडेवरचं लेकरू, मोटरसायकलचं हँडल, बैलाचा कासरा यांतलं डॉक्टर सांगेपर्यंत काहीच हाती धरायचं नाही. मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवलेल्या माणसाला रात्रीच्या शांततेत छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला झोप उडते, मग सवय होते, आणि पुढं काहींना ती टिकटिक ऐकूनच धीर वाटतो. यातलं बरंचसं डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत येतं किंवा येतही नाही. मराठीत, आपल्या बोलीत, घाई न करता हे सांगायला वेळ असतो तो या वाटेनं जाऊन आलेल्या माणसाला.

आता तिसरं कारण, ज्याला खरोखर वजन आहे. व्हॉल्व्हचे सगळे रुग्ण सारखे नसतात आणि अशा भेटीचा सगळ्यांत मोठा धोका इथंच आहे. आपल्या भागातल्या अनेक तरुण रुग्णांची झडप लहानपणीच्या संधिवाती तापानं खराब झालेली असते. शाळकरी वयात जंतूंमुळं घसा धरतो, मग सांधे सुजतात, आणि वर्षांनंतर दम लागू लागतो. म्हातारपणी चुना साचून आखडलेली महाधमनीची झडप हा निराळा आजार. काहींची झडप फुग्यानं उघडता येते, काहींची दुरुस्त होते, काहींची बदलावी लागते. बदलताना मेकॅनिकल घातली तर ती टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. टिश्यूची घातली तर ही गोळी बहुधा काही महिन्यांपुरती, पण काही वर्षांनी झडप झिजते आणि तरुण माणसात ती लवकर झिजते. स्टेंट टाकलेला शेजारी 'मी तर तिसऱ्या दिवशी घरी आलो' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण त्याचा अनुभव व्हॉल्व्हच्या रुग्णाच्या उपयोगाचा नसतो.

म्हणून रेषा ठळक हवी: अनुभव असंच ऑपरेशन झालेल्या सोबत्याचा घ्यायचा, गोळीचा डोस डॉक्टरांचा. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा डोस ज्याच्या त्याच्या आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याच्या तपासणीवर ठरतो. मायट्रल झडपेच्या जागी मेकॅनिकल झडप असेल तर महाधमनीच्या झडपेपेक्षा रक्त थोडं जास्त पातळ ठेवावं लागतं, त्यामुळं एकाच वॉर्डातल्या दोघांच्या गोळ्याही वेगळ्या. 'मी पालेभाजी कायमची सोडली' हा सल्ला प्रेमानं दिलेला असला तरी चुकीचा आहे. मेथी, पालक, शेपू खायला हरकत नसते, फक्त एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही असं करायचं नसतं. 'आता झडपच नवी, पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद' हा सल्ला तर धोक्याचा. संधिवाती तापाच्या रुग्णाच्या बाकीच्या झडपा त्याच्या स्वतःच्याच असतात, म्हणून दर तीन-चार आठवड्यांचं ते इंजेक्शन ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवावं लागतं. अंगदुखीसाठी गावातल्या डॉक्टरकडून कमरेत सुई घेताना किंवा दात काढताना 'मला व्हॉल्व्ह बसवलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' हे सांगायलाच हवं. चांगला सोबती डोस सांगत बसत नाही. तो विचारतो, 'तुझी आयएनआरची तारीख कधी आहे?'

बायकांच्या बाबतीत ही भेट आणखी गरजेची आहे, आणि नेमकी तिथंच ती होत नाही. संधिवाती तापानं अरुंद झालेली मायट्रल झडप स्त्रियांमध्ये जास्त आढळते. तरी मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून आजार लपवायचा आणि लग्न झालंय म्हणून सासरी बोलायचं नाही, अशी रीत आहे. वॉर्फरिन गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं, आणि गोळी परस्पर बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन आईच्या जिवावर बेततं. म्हणजे कोणती झडप घालायची हा निर्णयच मुलं होऊ द्यायची का, कधी, याच्याशी बांधलेला आहे. हा प्रश्न पुरुष सर्जनपुढं, सासऱ्याच्या देखत विचारायला तरुण बाई धजावत नाही. ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या बाईला ती विचारू शकते, आणि ती बाई तिला सांगू शकते की ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना हे विचार. गुप्तता पाळूनही हे जमतं. दोघींनी एकमेकींना गाव सांगितलं नाही तरी चालेल.

राहिलं चौथं कारण, माणूस सापडण्याचं. 1951 साली बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्कन या सर्जनच्या चार रुग्णांनी 'मेंडेड हार्ट्स' नावाचा गट सुरू केला. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन तेव्हा अगदी नवं होतं. बरे झालेले रुग्ण नव्या रुग्णाला भेटायला जातात, एवढीच कल्पना होती आणि तो गट आजही चालू आहे. आपल्या राज्यातही हा विचार परका नाही. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनातून बाहेर पडलेल्यांना नव्या रुग्णांसाठी उभं करतं, आणि पार्किन्सन्स मित्रमंडळानं कंपवाताच्या रुग्णांना एकत्र बसवलं आहे. परभणीत संस्था निघेपर्यंत थांबायचं मात्र कारण नाही. शासनाची जी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते, ती 2012 मध्ये शेजारच्या नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2013 च्या अखेरीस परभणीसह राज्यभर पोचली. तिच्यातून व्हॉल्व्हची ऑपरेशनं होत आली आहेत, म्हणजे ती झालेली माणसं आपल्याच तालुक्यांत राहतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडं कुणाचं नाव-नंबर मागू नये, तो त्यानं देऊही नये. 'तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या पेशंटला विचारा, आमच्याशी फोनवर बोलेल का' एवढं मात्र विचारता येतं. हेच कार्डिओलॉजीच्या ओपीडीतल्या सिस्टरला आणि गावच्या आशाताईंना विचारता येतं. आयएनआरच्या तपासणीला आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनला येणारी माणसं तर लॅबच्या बाकावर शेजारीच बसलेली असतात.

मदतीच्या नावानं दलालही येतात, हे खरं आहे. ओळखायची खूण सोपी: जो अमुकच दवाखान्यात चला म्हणतो, पैसे 'वर' द्यावे लागतील म्हणतो किंवा फाइल स्वतःकडं ठेवून घेतो, तो सोबती नव्हे. सोबत्याला तुमच्याकडून काहीच नको असतं.

एकदा बोलून मात्र हे काम संपत नाही. आपले बरेच रुग्ण संभाजीनगर, हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठतात, आणि मुंबई इथून रेल्वेनं पाचशे किलोमीटरहून दूर. ऑपरेशनआधी काही दिवस एक फोन हवा, अगदी आदल्या रात्री नको. दुसरा हवा घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. भेटायला येणाऱ्यांची गर्दी तोवर ओसरलेली असते, जखम भरत आलेली असते, तरी जेवण जात नाही, रडू येतं, कशातच मन लागत नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर हे अनेकांना होतं. सोबत्यानं तेव्हा 'मलाही झालं होतं' एवढं सांगावं, आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, ताप आला, टाक्यातून पाणी येऊ लागलं किंवा दम वाढला, तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन लावायला सांगावं.