उत्तेजनक्षम रासायनिक विक्रिया

अल्प चेतना मिळाल्यास शांत राहणारी, परंतु चेतनेने विशिष्ट मर्यादा ओलांडताच जोमाने घडून माध्यमात तरंगरूपाने पसरणारी रासायनिक विक्रिया. अशा विक्रियांच्या साहाय्याने माहिती ग्रहण करता येते व तिच्यावर संस्करणही करता येते.

तत्त्व : उत्तेजनक्षम माध्यमाच्या प्रत्येक भागाला विश्राम, उत्तेजन व अप्रतिसाद अशा तीन अवस्था असतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पानझडी जंगलांत उन्हाळ्यात लागणारे वणवे हे याचे परिचित उदाहरण होय. साग व बांबू यांचा वाळलेला पाला ही विश्रामावस्था. मोहफुले वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखाली लावलेली आग त्या पाल्यात शिरली की, ज्वाळांची रेषा पुढे सरकू लागते. तिच्यामागे उरलेली राख नवा पाला साचेपर्यंत पेटत नाही. ही अप्रतिसादाची अवस्था. त्यामुळे समोरासमोर आलेल्या दोन आगी एकमेकींना विझवितात. वणव्याविरुद्ध लावण्यात येणारी प्रतिआग याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

बेलौसॉफ-झाबोटिन्स्की विक्रिया : बॉरिस बेलौसॉफ या रशियन रसायनशास्त्रज्ञांना १९५१ च्या सुमारास विद्रावाचा रंग ठराविक कालांतराने आलटून पालटून बदलताना आढळला. असे घडणे अशक्य आहे, या समजुतीने त्यांचा निबंध नाकारण्यात आला. पुढे अनातोली झाबोटिन्स्की यांनी हे संशोधन पुढे नेले आणि १९७० मध्ये झाइकिन व झाबोटिन्स्की यांनी विद्रावाच्या पातळ थरातील तरंगांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे तरंग मिनिटाला काही मिलिमीटर सरकतात. वणव्याप्रमाणे तेही टक्कर होताच नाहीसे होतात. मात्र येथे माध्यम थोड्याच वेळात पूर्ववत होते.

उपयोग : रुथेनियमयुक्त उत्प्रेरक वापरल्यास ही विक्रिया प्रकाशसंवेदी बनते. थरावर चित्राचा प्रकाश पाडल्यास ते विद्रावात उमटते आणि विक्रियेच्या ओघात त्याच्या कडा ठळक होतात, असे कूनर्ट, अग्लाझे व क्रिन्स्की यांनी १९८९ मध्ये दाखविले. १९९५ मध्ये स्टाइनबॉक, टोट व शोवॉल्टर यांनी चक्रव्यूहातील सर्वांत जवळचा मार्ग तरंगांद्वारे शोधला. तरंग सर्व वाटांनी एकाच वेळी निघतो व आखूड वाटेने प्रथम पोहोचतो. त्यामुळे पोहोचण्याच्या वेळेवरून मार्ग ठरविता येतो. तरंगाचे येणे व न येणे यांना १ व ० मानून तार्किक द्वारेही रचता येतात.

वेगाच्या बाबतीत ही साधने इलेक्ट्रॉनीय संगणकाच्या तुलनेत अत्यंत मंद आहेत. तथापि त्यांत संवेदन व संस्करण एकाच द्रवात घडते. तंत्रिका व हृदयाचे स्नायू यांतील संदेशवहनही उत्तेजनक्षम माध्यमाच्या याच तत्त्वानुसार चालत असल्याने हृदयाच्या अनियमित स्पंदनांच्या अभ्यासातही या विक्रिया उपयुक्त ठरल्या आहेत.