आधी बैठक, मग पुस्तक

१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर, आणि साहित्यनगरीला नाव होते तेरच्या संत गोरोबाकाकांचे. अशा संमेलनात ग्रंथप्रदर्शनाचा मांडव हा सगळ्यात जिवंत कोपरा असतो. पण मांडव उतरतो, विक्रेते उरलेले गठ्ठे टेम्पोत भरून परततात आणि पुस्तक पुन्हा गावापासून लांब जाते. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६ होती आणि त्यांतले जवळजवळ ८३ टक्के लोक खेड्यांत राहत होते. साक्षरता ७८.४४ टक्के, म्हणजे वाचू शकणारी माणसे सुमारे ११ लाख. दुसरीकडे, मराठी कथा-कादंबरीची पहिली आवृत्ती साऱ्या महाराष्ट्रासाठी मिळून बहुधा हजारभर प्रतींची निघते. वाचता येणारे इतके आणि पुस्तके इतकी थोडी, यामागचे कारण दुकानांच्या कमतरतेपेक्षा बैठकांच्या कमतरतेत आहे, असे माझे म्हणणे आहे. पुस्तक विकणारी कंपनी वाढायची असेल तर तिने आधी वाचकांची बैठक बसवली पाहिजे.

ही कल्पना या मातीला नवी नाही. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण कसे चालते ते पाहावे. मांडवात ओळीने माणसे बसतात, व्यासपीठचालक ओवी धरतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग वाचत जातात. सुमारे नऊ हजार ओव्या आणि अठरा अध्यायांचा, सातशे वर्षांपूर्वीच्या भाषेतला ग्रंथ सात दिवसांत पुरा होतो. एरवी हातात पुस्तक न धरणारी माणसेही त्यात असतात. व्यवहाराच्या नजरेने यातली मोलाची गोष्ट अशी, की पारायणाला बसणाऱ्यासमोर पोथी लागते. ज्याच्याकडे नसते तो पंढरपूर, आळंदी किंवा तुळजापूरच्या दुकानातून ती आणतो, कापडात बांधून घरी ठेवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढतो. खेड्यातल्या घरात टिकून राहिलेले मराठी पुस्तक कोणते, याचे उत्तर म्हणूनच ज्ञानेश्वरी आणि गाथा असे येते. श्रद्धा हे त्याचे मोठे कारण आहेच. पण ती श्रद्धा पुस्तकापर्यंत पोचते ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, चारचौघांत बसून वाचण्याच्या रिवाजामुळे. हा रिवाज कादंबरीला, चरित्राला, शेतीच्या पुस्तकाला आपण कधी दिलाच नाही.

आता पुस्तकविक्रीच्या धंद्याचा रोजचा दिवस पाहू. सकाळी मागण्यांची यादी निघते, प्रकाशकांकडून माल येतो, चलनाशी प्रती ताडून पाहायच्या, बिले करायची, पार्सले बांधायची, संध्याकाळी परत आलेल्या प्रती वेगळ्या लावायच्या. जूनमध्ये पाठ्यपुस्तके, दिवाळीला दिवाळी अंक, मार्चअखेर ग्रंथालयांची खरेदी अशी वर्षाची चाल ठरलेली. छापील किमतीवर मिळणारी सवलत हीच कमाई आणि त्यातूनच भाडे, पगार, वाहतूक भागवायची. या कामात सगळ्यात महागात पडते ती चुकीच्या अंदाजाने मागवलेली, फळीवर पडून राहिलेली प्रत. कोणत्या गावात काय वाचले जाईल हे संगणकातला साठा सांगत नाही. तो फक्त काय विकले गेले ते सांगतो. ते ज्ञान वाचकांत बसणाऱ्या माणसाकडेच असते. त्यामुळे वाढत्या कंपनीने वाचकांच्या बैठकीत, म्हणजे वाचकगटात, जाणारा कर्मचाऱ्याचा वेळ आणि त्यासाठी त्याने केलेले वाचन, दोन्ही कामाच्या तासांत धरावे. ती हौस समजली की धकाधकीत सर्वांत आधी तीच बाजूला पडते.

आधी वाचक जमवायचे आणि मग पुस्तक, असा प्रयोग मराठीत झालेला आहे. १९७५मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हटले. सभासदांनी आधी पैसे भरावेत, त्या बळावर पुस्तक छापावे आणि प्रदर्शने घेऊन गावोगाव जावे, अशी तिची रीत होती. वाचक आधी जमलेले होते म्हणूनच दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८०मध्ये काढण्याचे धाडस करता आले. बाजाराचा कल पाहून चालणाऱ्याने त्या काळी अशा दलित-भटक्या लेखकांच्या आत्मकथनांवर भांडवल लावले असते का, याची शंका वाटते. लंडनमध्ये व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशकाने १९३६मध्ये ‘लेफ्ट बुक क्लब’ काढला. सभासदाला दरमहा स्वस्तात एक पुस्तक मिळे आणि गावोगावचे गट त्यावर चर्चा करीत. तीन वर्षांत सभासद ५७ हजारांपर्यंत आणि गट सुमारे दीड हजारांपर्यंत गेले. दोन्ही ठिकाणी गटामुळे गिऱ्हाईक तयार झाले.

या कल्पनेवरचा पहिला आक्षेप परिस्थितीचा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या, पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या जिल्ह्यात चारशे रुपयांचे पुस्तक कोण घेणार? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच गट हवा. एकट्याला न परवडणारे गटाला परवडते. टपाल खात्याने १ मे २०२५पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले, तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर, असा दर होता. तीनशे ग्रॅमची सोळा पुस्तके जिल्ह्यातल्या परांड्याला एकाच पार्सलात मागवली, तर त्या दराने टपालखर्च पुस्तकामागे सहा-सव्वासहा रुपयांवर येतो. एकेकट्याने मागवली तर वीस. शिवाय एकच प्रत दहा जणांत फिरवायलाही हरकत नसावी. विक्रेत्याला यात तोटा दिसेल, पण तो पहिल्या वर्षापुरता. फिरून आलेल्या दहा पुस्तकांतले एखादे तरी आपल्या घरात असावे, असे वाटायला लागले की वाचकाचा खरेदीदार होतो.

दुसरा आक्षेप असा, की १९६७च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालये उभी आहेत, घरबसल्या पुस्तक मागवता येते, आणि तरुणांना तर स्पर्धा परीक्षेची पुस्तकेच हवीत. मग हा खटाटोप कशाला? ग्रंथालय पुस्तक ठेवते, मोबाइल ते पोचवतो. पण कपाटातले कोणते पुस्तक काढावे आणि मोबाइलवर कोणते नाव शोधावे, हे कोणीतरी बोलल्याशिवाय कळत नाही. गट ही उणीव भरून काढतो आणि त्याला बसायला ग्रंथालयापेक्षा चांगली जागा नाही. अभ्यासिकेतल्या मुलांना तासन्‌तास बसायची आणि पुस्तकासाठी पैसे मोडायची सवय आधीच आहे. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’सारख्या कथेवर बोलावे. लेखक कळंब तालुक्यातलेच, आणि टोमॅटोचा कोसळलेला भाव हा विषय प्रत्येकाच्या घरातला. त्या कथेवर बोलायला समीक्षक लागणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कंपनीने बसवलेली बैठक ही शेवटी माल खपवण्याची युक्तीच ठरेल, असे तो सांगतो. लेफ्ट बुक क्लबने इथेच ठेच खाल्ली. पुस्तके गोलान्झ आणि त्यांचे दोन सहकारी निवडत, तीही डाव्या, रशियाला अनुकूल अशा एका राजकीय कलाने. १९३९मध्ये रशिया-जर्मनी करार झाला, सभासदांचा विश्वास हलला आणि १९४८मध्ये क्लब बंद पडला. धडा स्पष्ट आहे: पुस्तक गटाने निवडावे, कंपनीने आणून द्यावे. बैठकीचा प्रमुख कंपनीचा माणूस नसावा. पुस्तक आवडले नाही हे विक्रेत्यासमोर मोकळेपणी म्हणता यावे आणि न खपलेली प्रत त्याने तक्रार न करता परत न्यावी. एवढे पाळले तर त्याचा फायदा लपवायचे कारण उरत नाही. पुस्तक विकून पोट भरणे हे सन्मानाचे काम आहे.

जिल्ह्यात तालुके आठ. प्रत्येकी एक गट, गटात वीस माणसे आणि महिन्याला एक पुस्तक धरले, तर वर्षाला १,९२० वाचने होतात. तिघांतल्या एकानेच प्रत घेतली तरी ६४० प्रती होतात, आणि ज्या भाषेत आवृत्तीच हजारभर प्रतींची असते तिथे हा आकडा लहान नाही. त्याला लागते काय, तर एक खोली, एक सतरंजी आणि दर महिन्याला न चुकता येणारा एक माणूस. सप्ताहात काल्याचे कीर्तन झाले की मांडवातच पुढच्या वर्षीची बोलणी सुरू होतात, म्हणून सप्ताह पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. संमेलन मात्र पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला जाते. धाराशिवच्या वाचकगटाने आणि त्याला पुस्तके पुरवणाऱ्या कंपनीने पहिल्या बैठकीतून उठण्याआधी एवढेच करावे: पुढची तारीख आणि पुढचे पुस्तक ठरवून उठावे.