चार इंचांच्या पट्टीचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी हे गाव आहे. येथे कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात नदी चढली की पाणी दत्तमंदिरात शिरते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. तो पाहण्यासाठी भाविक दुरून येतात.

परंतु पाणी तेथेच थांबले नाही तर? 2005, 2019 आणि 2021 साली ते घराघरांत शिरले. पूर ओसरला, गाळ काढला, भांडी धुतली. आता घर पुन्हा उभे करायचे. अशा वेळी पैसा थोडा असतो आणि कामे फार असतात. म्हणून आज आपण घरातील एका लहानशा कामाचा हिशेब शिकू. हिशेब हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. अरबीतील 'हिसाब' फारसीमार्फत मराठीत आला आणि 'हिशेब' झाला. खर्च, अंदाज, फरशी, दरवाजा हे शब्दही असेच तुमच्या घरचे आहेत.

आता तुमच्या खोलीकडे पाहा. भिंत जेथे फरशीला मिळते, तेथे सुमारे चार इंच उंचीची एक पट्टी दिसेल. तिला स्कर्टिंग म्हणतात. ती केवळ शोभेसाठी नसते. फरशी पुसताना पाणी उडते, झाडू लागतो, कपाट सरकवताना धक्का बसतो. हे सारे ती स्वतःवर घेते आणि भिंतीचा गिलावा वाचवते. दाराच्या चौकटीभोवतीची लाकडी पट्टीही असेच काम करते. चौकट आणि भिंत यांच्यामधील फट ती झाकते.

पुराचे पाणी घरात काही दिवस राहिले की लाकूड फुगते आणि वाकते. प्लायवुडचे थर सुटतात. टाइलची पट्टी स्वतः कुजत नाही, पण तिच्यामागचा गिलावा भिजून सैल होतो. बोटाच्या पेराने तिच्यावर हळूच ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर पट्टी घट्ट आहे. ती धुऊन ठेवावी. पोकळ आवाज आला तर ती काढावी लागेल. मात्र सरकारी पंचनामा होईपर्यंत काही काढू नये.

आता मोजमाप करू. समजा, खोली 12 फूट लांब व 10 फूट रुंद आहे. तिची परिमिती 44 फूट झाली. दाराचे 3 फूट वजा केले. उरले 41 फूट. कापताना काही तुकडे वाया जातात, म्हणून सुमारे दहा टक्के जास्त धरू. एकूण 46 फूट माल हवा. दोन फूट चौरस टाइलच्या चार इंची सहा पट्ट्या निघतात. म्हणजे एका टाइलमधून सुमारे 12 फूट पट्टी मिळते. 46 फुटांसाठी चार टाइल पुरेत.

पुढील दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गावातील दर दुकानदाराला व गवंड्याला विचारून घ्या.

जुनी पट्टी काढणे, 41 फूट, दर 10 रुपये: 410 रुपये.
खालचा एक फूट गिलावा नवा करणे, 41 चौरस फूट, दर 40 रुपये: 1640 रुपये.
चार टाइल, दर 120 रुपये: 480 रुपये.
पट्टी कापून बसवणे, 41 फूट, दर 30 रुपये: 1230 रुपये.
पट्टी बसवण्यासाठी सिमेंट, वाळू इत्यादी: 400 रुपये.
भिंतीच्या खालच्या भागाला रंग: 600 रुपये.
एकूण: 4760 रुपये.

या यादीत टाइलचे किती आहेत? फक्त 480, म्हणजे सुमारे दहा टक्के. बाकीचा पैसा काढणे, गिलावा, मजुरी आणि रंग यांत जातो. म्हणून स्वस्त टाइल शोधून फारशी बचत होत नाही. खरी बचत एकच आहे: काम दुसऱ्यांदा करावे लागू नये.

ही गोष्ट मी माझ्या खालांच्या घरी शिकलो. 2019 साली बकरी ईद 12 ऑगस्टला होती. त्या वेळी त्यांच्या घरात पुराचे पाणी होते. नोव्हेंबरमध्ये मुलीचे लग्न ठरलेले होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी लगेच गवंड्याला बोलावले. गवंडी म्हणाला, "भाभी, भिंत अजून ओली आहे. थोडं थांबा." खाला म्हणाल्या, "पाहुणे येणार आहेत, भय्या. थांबायला वेळ कुठं आहे?" काम झाले, लग्नही थाटात पार पडले. पण पुढच्या पावसाळ्याआधीच रंगाचे पोपडे निघाले, भिंतीला पांढरा लोणा लागला आणि पट्ट्या सुटल्या. लग्नानंतर जे थोडे पैसे शिल्लक होते, ते त्याच कामात दुसऱ्यांदा गेले.

असे का झाले? विटा आणि गिलावा यांत बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी भिंत पाणी वर ओढते. बाहेरून ती कोरडी दिसते, पण आत ओल असते. वरून पट्टी आणि रंग लावला की त्या ओलीची वाट बंद होते. मग ती रंग आणि पट्टी ढकलून बाहेर येते.

भिंत वाळली की नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. एक फूट चौरस स्वच्छ प्लास्टिक भिंतीला लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवसाने पाहा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर अजून थांबा. तोवर खिडक्या उघड्या ठेवा आणि भिंतीला टेकलेले सामान दूर करा.

चौकटीचेही असेच आहे. तिचा फक्त खालचा भाग कुजला असेल, तर पूर्ण चौकट बदलण्याची गरज नसते. चांगला सुतार खराब भाग कापून तेथे नव्या लाकडाचा तुकडा सांधतो. नदीकाठच्या घरात खालची पट्टी लाकडापेक्षा दगडाची किंवा टाइलची असलेली बरी.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर तुमच्या खोलीची लांबी व रुंदी मोजा. दाराची रुंदी वजा करा आणि किती फूट पट्टी लागेल ते वहीत लिहा. मग वडिलांबरोबर जाऊन दर विचारा आणि यादी पूर्ण करा. संकटाच्या वेळी घरातील मोठी माणसे गोंधळलेली असतात. तेव्हा शांतपणे हिशेब मांडणारे मूल घराला मोठा आधार देते.