हॅम नसलेला बर्गर, पाय नसलेला पाव

हॅमबर्गर हे नाव जर्मनीतील हांबुर्ग शहरावरून आले. ‘हॅम’ म्हणजे डुकराच्या मांसाशी त्याचा संबंध नाही. तरीही इंग्रजीने ‘हॅम’ वेगळे काढले आणि उरलेल्या ‘बर्गर’ला चीज, व्हेज अशी विशेषणे चिकटवली. वडापावातल्या ‘पाव’चीही अशीच फोड केली जाते: कोणी चतकोर म्हणतो, कोणी पायांनी मळलेला. लादीचे जोडलेले तुकडे पाहून पहिला अर्थ पटतोही. पण पोर्तुगीज भाषेत ‘पांव’ म्हणजेच भाजलेली रोटी, आणि गोव्यात पाव भाजणाऱ्याला म्हणतात तो ‘पोदेर’ हा शब्दही पोर्तुगीजमधूनच आला. रूढ झाले तेच खरे, हा आक्षेप वापरापुरता मान्य; व्युत्पत्ती मात्र उच्चारसाम्यावर ठरत नाही.