माळढोकची हद्द आणि माणसांची घरे

1979 साली राज्य सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले, तेव्हा त्याचे क्षेत्र होते 8,496 चौरस किलोमीटर. आपला नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा राज्यात सर्वांत मोठा, सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा. त्याच्या निम्मे भरेल एवढे हे अभयारण्य. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्यांबरोबर आपले कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा त्यात आले. गावठाणे, बाजारपेठा, विहिरी, बागायत, सगळेच आत. वनखात्याची जमीन अगदी थोडी. बाकी सारी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची.

हेतू चांगलाच होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरजवळ नान्नजच्या माळावरचे माळढोक बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांच्या आणि सरकारच्या नजरेस आणले. हा पक्षी दूरवर भटकतो, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे त्याला मोकळा माळ मोठ्या प्रमाणात लागतो. पण गवत नेमके कुठे आहे आणि ज्वारी-बाजरीची शेते कुठे, हे शिवारात जाऊन तपासण्याऐवजी तालुकेच्या तालुके आत घेतले गेले. पुढच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ इथे आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 20 प्रमाणे अधिसूचना निघाल्यावर अभयारण्यातल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क मिळवता येत नाही. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून लोकांचे हक्क ठरवून द्यायचे असतात. एवढ्या अफाट क्षेत्रात ते काम वेळेत होणे शक्यच नव्हते. मग खरेदीखते अडली, एन.ए.ची प्रकरणे अडली. दोन भावांची वाटणी झाली, गावठाणात जागा उरली नाही, रस्त्याकडेचा गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधायचे म्हटले की आडवा यायचा तो माळढोक. ज्या पक्ष्याला गुराखी आणि मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, तो गावकऱ्यांना वैरी वाटू लागला. त्याचे एवढे मोठे नुकसान शिकाऱ्यांनीही केले नसेल.

त्याच वर्षांत माळ मात्र जात होता. उजनीचे पाणी आले, कुकडीचे कालवे आले, साखर कारखाने उभे राहिले. पाणी मिळाल्यावर शेतकऱ्याने ऊस लावला यात त्याचा दोष नाही; दुष्काळ भोगलेल्या माणसाने दुसरे काय करावे? पण घराच्या कागदावर शिक्का मारायला बसलेल्या यंत्रणेने गवताकडे पाहिलेच नाही. काही माळांवर तर झाडे लावली गेली. माळढोकला लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा हवी. झाडी वाढली की तो तिथे थांबत नाही.

हद्द कमी करणे सोपे नव्हते. नोव्हेंबर 2000 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय अभयारण्याचे क्षेत्र वगळता येईना. अभ्यास, समित्या, सुनावण्या यांत वर्षे गेली, आणि 2012 च्या सुमारास क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आले. म्हणजे सातातले सहा भाग सुटले. 2020 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी भोवतालचा संवेदनशील पट्टा 400 मीटरवर आणल्याचे जाहीर केले. शेकडो गावांचा श्वास मोकळा झाला. हा फेरविचार योग्यच होता, आणि तो तीस वर्षे आधी व्हायला हवा होता. तोवर नान्नजला माळढोक दिसणे हीच बातमी ठरू लागली होती. आज देशभरात दीडशेच्या आतच पक्षी उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. मध्य प्रदेशातल्या करेरा अभयारण्यातही हेच घडले: जमिनी अडकल्या, पक्षी गेला.

याच कर्जत तालुक्यात रेहेकुरी आहे. 1980 चे काळवीट अभयारण्य, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचे. काळविटे कुंपण जुमानत नाहीत, पिकात शिरतात, शेतकरी वैतागतो. तरीही अभयारण्य टिकले आणि काळविटेही टिकली, कारण हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि आत खरोखर माळ आहे.

राखीव जागा आणि घरे यांचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2024 च्या नियोजन धोरणाने शहरांभोवतीच्या राखीव हरित पट्ट्यातला कमी मोलाचा भाग वेगळा काढून घरांसाठी खुला करायचे ठरवले. तिथेही वाद एकच: कमी मोलाचा कोणता, आणि ते ठरवणार कोण. आपल्याकडे नगर शहराच्या कडेला, सुपा-शिर्डीच्या बाजूला प्लॉटिंग वाढते आहे, आणि गावोगाव भूमिहीन घरकुल लाभार्थी जागेची वाट पाहत आहेत. जागा हवी म्हटले की बोट पहिले गायरानाकडे आणि माळाकडे जाते, कारण कागदावर ती पडीक असते. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीवर घरासाठी वाट सोपी करणारे कलम 42 ड महसूल कायद्यात आहे. आधी ते वापरा. ग्रामसभांनी आपल्या शिवारातला उरलेला माळ गट क्रमांकासह लिहून ठेवावा आणि जैवविविधता नोंदवहीत चढवावा. पुढचा नकाशा आखायला अधिकारी येतील, तेव्हा ती नोंद त्यांच्यासमोर ठेवा.